'खरखर'ची पहिली तबकडी

"मग सही करताय ना, चाचा?"

केळवकरांनी कागद पुढे सरकवला. पुण्याचे केळवकर म्हणजे जुन्या तबकड्यांच्या बाबतीतला शेवटचा शब्द, निदान त्यांच्या स्वतःच्या मते. त्यांचा ग्रंथ छापखान्यात थांबला होता तो या एका सहीसाठी.

मिरजेतले हमीदचाचा आता सतारी दुरुस्त करतात. पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी आणि दामू पांचाळने रेडिओचे सुटे भाग जोडून 'खरखर' नावाचा बँड काढला होता. त्यातून निघणारे आवाज तोवर कुणी ऐकले नव्हते. पहिल्या तबकडीच्या आता चारच प्रती उरल्यात.

कागदावर लिहिलं होतं : चारही प्रती सदोष. शेवटी सुई अडकते.

"चारही?"

"चारही. कारखान्याची चूक. मी सिद्ध केलंय."

"शेवटपर्यंत ऐकलीत?"

"सुई अडकली की तबकडी झिजते, चाचा. मी लगेच उचलतो. चाळीस वर्षं हेच करतोय."

"हं... लावा."

तीन मिनिटं शिट्ट्या, गुणगुण, तारांतून वीज सरपटावी तसा कडकडाट. मग सुई शेवटच्या रेघेत शिरली आणि तिथेच फिरत राहिली.

केळवकरांचा हात झेपावला. चाचांनी मनगट धरलं.

"झिजेल, चाचा."

"झिजू द्या की."

तीच गुणगुण. पुन्हा. पुन्हा...

पंचविसाव्या, तिसाव्या फेऱ्याला केळवकरांचं मनगट सैल पडलं. गुणगुणीच्या मागे काहीतरी होतं. आत जाणारं, बाहेर येणारं.

"हा... श्वास आहे?"

"दामूचा. माइकवर वाकून बसायचा. किती शिव्या दिल्या मी त्याला."

"मग ही रेघ?"

"तबकडी निघायच्या आधीच गेला तो. कारखान्यात जाऊन मीच सांगितलं, शेवटची रेघ गोल जोडा. वेडा म्हणाले."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका छापलेल्या केळवकरांनी कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला.

श्वास चालूच होता.

बऱ्याच वेळाने त्यांनी सुईकडे हात नेला.

"चाचा... उचलू?"

"मला काय विचारता," चाचा म्हणाले. "त्याला विचारा."