विचारणीचा झरा

दोष डॉ. माधवराव सबनीसांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण वर संस्थेत तुम्हाला चहा पाजतील, जुने फोटो दाखवतील आणि ‘गावाला प्रश्न विचारू देण्याची प्रथा सरांनी सुरू केली’ असं गोड तोंडाने सांगतील. मी तिथे दोन वर्षं काढली आणि पदवी न घेता बाहेर पडलो. तेव्हा वर जाण्याआधी इथे बसा जरा.

तुम्ही बसलात ते बाक नव्हेत. कुंपणाचे सिमेंटचे खांब आहेत, आडवे पाडलेले. नीट पाहिलंत तर तार ओवायची भोकं दिसतील. मधे हा झरा. सोनखळच्या बाया पाणी भरतात तो. आणि वर माळावर दिसते ती आंतरराष्ट्रीय विकास अभ्यासाची संस्था. देशोदेशीची मुलं तिथे पदव्युत्तर शिक्षणाला येतात. लोक गरीब का राहतात, ते शिकायला.

संस्था निघाली तेव्हा माळावर पाण्याचा थेंब नव्हता, असं सांगतात. वसतिगृहाला हा झरा हवा होता. पण गावचा झरा घ्यायचा तर तो गावाला लागत नाही, हे कागदावर दाखवायला हवं. सबनीस संचालक होते, शिकलेले होते. दांडगाई त्यांना शोभली नसती. त्यांनी सर्वेक्षण केलं.

प्रश्नावली त्यांनी स्वतः बसून तयार केली. पहिल्या रकान्यात कुटुंबप्रमुखाचं नाव, आणि पुढचे सगळे प्रश्न त्यालाच. बेचाळीस घरं, बेचाळीस पुरुष. ‘वरच्या झऱ्याचं पाणी तुम्ही भरता का?’ यावर पुरुषांनी अगदी खरं उत्तर दिलं. नाही बा, आम्ही कशाला जातोय तिकडं. बेचाळीस नकार जमले. झरा विनावापर ठरला, जागा संस्थेच्या नावे झाली, अकरा खांब रोवून तार ओढली. गावातल्या मोठ्या माणसांनी उद्घाटनाला शाल-नारळ घेतले आणि जेवून घरी आले. घरी प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण काय बोलून बसलो.

शेवटचा खांब रोवला तसा झरा रुसून हातभर खाली गेला, म्हणे. मला विचाराल तर एप्रिल होता. पण बायांना आता दीड कोसावरच्या नदीवर जावं लागलं, यात ‘म्हणे’ काही नाही.

हौसाबाई खेंगले नावाची बाई चौघींना घेऊन संस्थेत गेली. सबनीसांनी त्यांना खुर्च्या दिल्या आणि अहवाल उघडून दाखवला.

“बाई, तुमच्याच गावानं सांगितलंय, झरा कोणी वापरत नाही.”

“कोन बोललं?”

त्यांनी नावं वाचली. पहिलंच नाव हौसाबाईच्या नवऱ्याचं निघालं.

“ह्यांनी?” ती म्हणाली. “ह्यांला घरात हंडा कुठं असतो ते तरी इचारायचं हुतं.”

बाया हसल्या. सबनीसही हसले, असं सांगतात. मग म्हणाले, “पुढच्या सर्वेक्षणात दुरुस्ती करू.”

“ते कवा?”

“पाच वर्षांनी.”

त्या दिवशी बाया परत येताना इथे थांबल्या. तारेला हात लावून त्यांनी शपथ घेतली: ही तार निघेपर्यंत संस्थेच्या माणसाला एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही. नाव विचारलं तरी नाही. जो बाप्या बोलेल त्याने आपलं पाणी नदीवरून स्वतः आणायचं. एवढ्या एका वाक्यावर बेचाळीस कुटुंबप्रमुख गप्प झाले.

अशी संस्था उत्तरांवरच जगते. मुलं वह्या घेऊन गावात यायची. बाया बसायला घोंगडी द्यायच्या, शेंगा पुढे ठेवायच्या, आणि समोर बसून तांदूळ निवडायच्या. एक शब्द नाही. सोनखळच्या लेकी आसपासच्या सात गावांत दिल्या होत्या, शपथ त्यांच्याबरोबर तिकडेही गेली. दोन हिवाळे कोऱ्या प्रश्नावल्या वर जात राहिल्या. एका हुशाराने खोलीत बसून सगळ्या भरल्या, पण सोनखळमध्ये नारळाच्या बागा लिहिल्या, म्हणून पकडला गेला. प्रबंध अडले. माहिती नसेल तर अभ्यासक्रम बंद करा, अशी पैसे देणाऱ्यांची पत्रं यायला लागली.

त्याच सुमाराला केनियाहून वांजिरू नावाची मुलगी आली. तिची शिष्यवृत्ती मार्चला संपत होती आणि वही कोरी होती. ती तीन दिवस नदीच्या वाटेवर बायांबरोबर नुसती चालली. विचारलं काहीच नाही. चौथ्या दिवशी हौसाबाईलाच राहवलं नाही. वांजिरूबरोबरच्या दुभाषी मुलीला ती म्हणाली, “हिला इचार, हिच्या घरी पानी कोन भरतं.”

“मीच,” वांजिरू म्हणाली. “डोक्यावर नाही घेत आम्ही. पाठीवर. पट्टा कपाळाला.”

तिने करून दाखवलं. बायांनी तिचं कपाळ हात लावून पाहिलं. पट्ट्याचा वळ होता म्हणे तिथे. तेव्हा हौसाबाईने आपली अट सांगितली: तार काढा, आणि आधी आम्ही विचारणार. तुमच्या साहेबापासून सुरुवात.

वांजिरूने निरोप दिला. सबनीस आले. पत्रं आली होती, येणं भाग होतं. सगळं गाव आणि सगळी संस्था इथे तारेभोवती उभी होती.

“सकाळी जेवलात ते कोनी रांधलं?” हौसाबाईने विचारलं.

“बायकोनं.”

“ती कवा जेवली?”

“आमचं झाल्यावर.”

“तुमच्या घरी पानी कोन भरतं?”

“नळ आहे.”

“आन नळ नव्हता तवा?”

सबनीसांची आई विहिरीवरून पाणी आणायची, असं कोणी म्हणतं. कोणी म्हणतं, त्यांना खरंच माहीत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, “मी इथे उत्तरं द्यायला आलेलो नाही.” आणि टेकडी चढून निघून गेले.

“मग आमी काय उत्तरं द्यायलाच जल्मलो?” हौसाबाई म्हणाली आणि पहिल्या खांबाला तिने हात घातला. दुसऱ्या बाजूने वांजिरूने. संध्याकाळपर्यंत अकराही खांब आडवे होते. पोलिसांना कोणी बोलावलं नाही. पाणी हातभर वर आलं म्हणतात. ते मी पाहिलेलं नाही.

आजही जूनमध्ये संस्थेची नवी मुलं इथे आणतात. ती खांबांवर बसतात, बाया उभ्या राहून विचारतात, तेच चार प्रश्न आधी. सगळी उत्तरं दिल्याशिवाय कोणाला वही उघडता येत नाही. हीच विचारणी. चौथ्या प्रश्नाला मीही अडकलो होतो. घरी फोन करून विचारावं लागलं.

सबनीस पुढे एकोणीस वर्षं संचालक होते. रोज सकाळी ते सोनखळमधून फिरायला जायचे. त्या एकोणीस वर्षांत एकाही घरात त्यांना कोणी पाणी विचारलं नाही.