न पुसलेली रांगोळी

शके अठराशे एकवीसची ही हकीकत. त्या साली वेळूखेड गाव दुसऱ्यांदा उठले. गाव उठले म्हणजे काय, हे आता सांगावे लागते. प्लेगची साथ आली, घरातले उंदीर पटापट मरून पडू लागले, की सारे गाव दारे ओढून घेऊन रानात झोपड्यांत राहायला जाई. ते दिवस पाहिलेले आता कोणी उरले नाही. ज्यांच्या तोंडून मी हे ऐकले, त्या गोदाआत्याही गेल्या. म्हणून आठवते तसे लिहून ठेवते.

वेळूखेड म्हणजे चाळीस उंबऱ्यांचे गाव. ओढ्याच्या काठी महादेवाचे दगडी देऊळ आणि त्या देवळाच्या ओवरीत महाराज राहत. ते कुठले, कोणाचे, हे कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. अंगावर घोंगडे आणि पाणी प्यायला नारळाची करवंटी, एवढा त्यांचा संसार. लोक त्यांना ओवरीचे महाराज म्हणत. सकाळी ते देवळाचे आवार झाडत आणि मग ज्या घरी दुखणे असेल, त्या घराच्या ओट्यावर जाऊन नुसते बसत. बोलणे फार थोडे.

देवळाची सेवा चिमा गुरविणीकडे होती. आदल्या वर्षीच्या साथीत तिचा नवरा गेला. त्याच्या मागोमाग सात वर्षांची रखमा गेली आणि चार वर्षांची सुंदी गेली. तीन दिवसांत घर रिकामे झाले. चिमा उरली आणि देवळाचा झाडू उरला. पहाटे ती आधीसारखाच सडा घाली, पण पायरीवर रांगोळी काढायला तिला बंदी झाली. विधवेच्या हातची रांगोळी देवाला चालत नाही, असे नानांनी सांगितले होते.

नाना म्हणजे नरहरपंत ठोसर. गावात शिकलेले असे ते एकटेच. चातुर्मासात देवळात पुराण सांगत. वाणी गोड, पाठांतर दांडगे. कोणी काहीही विचारो, नानांकडे उत्तर तयार असे, आणि त्या तयार उत्तराचाच त्यांना अभिमान होता.

त्या श्रावणात पुराण सांगताना नाना म्हणाले, "देव अन्याय करीत नाही. जो भोगतो, त्याने ते केलेले असते."

चिमा खांबाआड उभी होती. ती एकदम म्हणाली, "नाना, माझ्या सुंदीनं काय क्येलं हुतं?"

"या जन्मी नसेल. मागल्या जन्मी केले असेल."

"तिला कालचं जेवल्यालं याद ऱ्हात न्हवतं. मागल्या जन्मीचं कुटनं ऱ्हाईल? ज्याला यादच न्हाई, त्याला शिक्षा करून काय फायदा?"

बायका पदराआड हसल्या. नानांना ते लागले. "घ्या! गुरवीण आता शास्त्र शिकवायला लागली. चिमे, तुझा पायगुण काय तो गावाने पाहिला आहे. झाडू घे आणि जा."

चिमा ओवरीशी जाऊन बसली. महाराज तिथेच होते. तिने विचारले, "म्हाराज, द्येव येवढा मोठा, त्याच्या हातात समदं. मग त्यानं का नेल्या माझ्या पोरी?"

महाराज म्हणाले, "मला ठाऊक नाही, चिमा."

नानांनी ते व्यासपीठावरून ऐकले आणि टाळी वाजवली. "वा! असा साधू पाहिला नव्हता. म्हणे ठाऊक नाही! मग घोंगडे कशाला पांघरलेत?"

"थंडीसाठी," महाराज म्हणाले. लोक हसले. महाराज मात्र हसले नाहीत. दिवेलागण होईपर्यंत ते चिमाजवळ बसून राहिले.

कार्तिकात पुन्हा उंदीर पडू लागले. चार दिवसांत गावाने ओढ्यापलीकडच्या माळावर झोपड्या घातल्या. देवाचा पितळी मुखवटाही डोक्यावर घेऊन गेले. नानांनी माळाचा नेम ठरवून दिला. ज्याला ताप येईल त्याने, आणि त्याला सांभाळील त्याने, त्याच दिवशी ओढा ओलांडून गावात परत जायचे. नेम कडक होता, पण शहाणपणाचा होता. चिमाला तर त्यांनी ओढाच ओलांडू दिला नाही.

"मला ताप न्हाई, नाना," ती पाण्यात उभी राहून म्हणाली.

"तुझ्या घरातून दुखणे उठले होते. तू तिकडेच बरी."

ती परत फिरली. तिला वाटले, गावात आता आपल्याशिवाय कोणी नाही. देवळात आली तर महाराज आवार झाडत होते.

"तुमी न्हाई गेला?"

"मुखवटा गेला. पिंडी राहिली," महाराज म्हणाले. "ती जमिनीत रुतलेली आहे, तिला पळता येत नाही. म्हटले, आपण सोबतीला थांबावे."

रिकाम्या गावाचे दिवस फार लांब असतात. दारांना बोरीच्या फांद्या लावलेल्या. जात्यांचा आवाज नाही, कोणी कोणाला हाक मारीत नाही. कुत्री आपापल्या दारात बसून वाट पाहत होती. कोणाच्या तरी परसात विसरलेले लुगडे दोरीवर तसेच वाळत होते, वाऱ्याने फडफडत होते. चिमा मुद्दाम मोठ्याने खोकून पाही. तेवढाच माणसाचा आवाज.

पाचव्या सकाळी महाराज बादली आणि झाडू घेऊन निघाले आणि एका बंद घरापुढे सडा घालू लागले.

"ह्ये काय, म्हाराज? घरात हाय कोण?"

"कोणी नाही. म्हणूनच. घराला वाटायचे, आपल्याला टाकून दिले. तू रांगोळी काढ."

"मला मनाई हाय."

"मनाई करणारे माळावर आहेत," महाराज म्हणाले.

चिमा वर्षभरात पहिल्यांदा हसली. मग तिने शिरगोळ्याचा दगड कुटून पूड केली आणि त्या दारात बसली. तिला एकच रांगोळी येत होती: एक लहानसे कमळ, आणि त्यातून घरात जाणारी पावले. गौरीची काढतात तशी; पण चिमाने काढलेली पावले लहान होती. दोन जोड्या. एक सात वर्षांच्या मुलीची, एक चार वर्षांच्या. माप तिच्या बोटांना पाठ होते. महाराजांनी ती पावले पाहिली आणि शेजारच्या दारात सडा घालायला घेतला.

तेव्हापासून रोज पहाटे दोघे गावभर फिरत. महाराज सडा घालीत, चिमा दारोदार पावले काढी.

मार्गशीर्षात नानांच्या नातीला ताप भरला. तिचे नाव गोदावरी, वय आठ वर्षे. तिची आई वारली, बाप हुबळीकडे नोकरीला, म्हणून चैत्रात तिला नानांकडे आणून सोडले होते. नानांचा सारा जीव तिच्यात. सकाळी तिच्या काखेत गाठ दिसली. नाना झोपडीचे दार लावून बसले. दुपारी पाटील बाहेर येऊन उभे राहिले.

"नाना, पोरीला ताप हाय म्हणत्यात."

"साधा पडसेताप आहे."

"असंल. पर नेम तुमचाच हाय."

ज्यांनी सगळा जन्म नेम सांगितले, त्यांनाच आता तो पाळणे आले. गाडी हाकायला कोणी येईना. साठी उलटलेल्या नानांनी स्वतः बैल जुंपले, नातीला गोधडीत गुंडाळून गाडीत निजवले आणि ओढा ओलांडला. कोणी पाहत उभेही राहिले नाही.

गावात शिरले तर दारोदार सडा आणि रांगोळी! जणू आज सण असावा. नानांच्या स्वतःच्या दारातही पावले काढलेली होती. ती कोणाच्या हातची, हे त्यांनी ओळखले. भयाने माणूस अधिकच कठोर होतो. "मरण घरात बोलावते रांड!" असे म्हणून त्यांनी पायाने रांगोळी पुसून टाकली आणि नातीला आत नेले.

दुसऱ्या पहाटे चिमाने पुसलेली रांगोळी पाहिली. ती पुन्हा काढली, उंबऱ्याशी पाण्याची कळशी भरून ठेवली आणि हाक मारली, "नाना, पोरगी कशी हाय? मी बसू का तिच्यापाशी?"

आतून उत्तर आले, "उंबऱ्याला हात लावू नकोस!" थोड्या वेळाने नानांनी बाहेर येऊन कळशी ओतून दिली आणि रांगोळी पुसली. त्यानंतरच्या दिवशी तेच झाले. त्याच्या पुढच्या पहाटेही रांगोळी पुसलेलीच होती. चिमाने ती तिसऱ्यांदा काढली, कळशी ठेवली आणि या वेळी हाक न मारता परतली.

"म्हाराज, रोज पुसत्यात," ती म्हणाली.

"पुसतो म्हणजे हात-पाय चालताहेत," महाराज म्हणाले. "तू काढत राहा."

चौथ्या पहाटे ती आली आणि थबकली. कालची रांगोळी जशीच्या तशी होती. कळशी काठोकाठ भरलेली, आत एक पान पडले होते.

चिमा किंचाळली, "म्हाराज!" आणि महाराजांची वाट न बघता तिने नानांचा उंबरा ओलांडला.

नाना माजघराच्या दारात पालथे पडले होते. अंग तव्यासारखे तापलेले, जीभ कोरडी. कालपासून ते तसेच पडलेले असणार. घरातली घागर आडवी आणि कोरडी ठणठणीत. चिमाला वाटले, पोरगी आत संपली. ती भीत भीत आत गेली.

गोदावरी उशीला टेकून बसली होती! गाठ फुटून वाहून गेली होती. ताप उतरला होता. ओठ ओले होते आणि उशाशी पाण्याची वाटी होती, अर्धी भरलेली.

"बाई, तुला पानी कुनी दिलं?"

"त्या दोघींनी," गोदावरी म्हणाली. "कालपासून इथेच होत्या. मोठी पाणी पाजत होती, धाकटी माझ्याशी सागरगोटे खेळत होती. आत्ताच गेल्या. धाकटीला नीट झेलताच येत नाही."

चिमा तिच्या अंथरुणाशी बसली. "धाकटी दिसत कशी हुती?"

"एवढीशी. तिच्या एकाच पायात वाळा होता. मी विचारले, दुसरा कुठे? तर म्हणाली, आडात पडला, आई रागावली होती."

सुंदीचा वाळा दोन वर्षांपूर्वी आडात पडला होता. गोदावरी तर या चैत्रात गावात आलेली. महाराज दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्याकडे पाहून चिमा जे बोलली, ते गोदाआत्या, म्हणजे हीच गोदावरी, सत्तर वर्षांनीसुद्धा जसेच्या तसे सांगत.

"म्हाराज, माझ्या पोरी हितं आल्या, दीस-रात ऱ्हायल्या, आन् मला न्हाई भेटल्या? मी चार घरं पल्याड हुते की वो!"

महाराजांचे डोळे भरून आले. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. "का नेल्या, ते मला ठाऊक नाही. मी रोज पिंडीशी बसून विचारतो. तो बोलत नाही, पण उठूनही जात नाही. एवढे मात्र मी पाहिले. तू ज्या दारात पावले काढलीस, त्या दारात त्या आल्या. चिमा, सगळ्या गावात काढलीस. तुझ्या स्वतःच्या दारात काढलीस का?"

चिमाने मान हलवली. नव्हती काढली. आपल्या घरात आता यायचे कोणी राहिले नाही, असे धरून ती ते एकच दार रोज वगळून पुढे जात होती.

आधी तिने नानांना पाणी पाजले, अंग पुसले, अंथरुणावर घेतले. मग पूड घेऊन ती आपल्या घरी गेली. त्या दारात तिने काय पाहिले, किंवा पाहिले की नाही, हे तिने कधीच कोणाला सांगितले नाही. गोदाआत्यांनी विचारले तर म्हणे, "खुळी का काय तू!" आणि दुसरेच बोले.

नाना अकरा दिवस तापात होते. चिमाने त्यांचे सगळे केले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिले विचारले, "मी पडलो होतो तेव्हा आत मुली हसत होत्या. सागरगोट्यांचा आवाज येत होता. कोण होत्या?"

गोदावरीने सांगितले. नाना भिंतीकडे तोंड करून निजले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या पहाटे कोणाचा आधार न घेता उठले आणि चिमा रांगोळी काढीत होती तिथे उंबऱ्याशी येऊन बसले. कळशीतले पाणी ओंजळीत घेतले आणि प्याले.

होळी झाल्यावर गाव परतले. माळावर आणि गावात मिळून एकोणीस माणसे गेली होती. देवळात सगळे जमले. पाटील म्हणाले, "नाना, सांगा आता. ही मान्सं कुटल्या पापानं गेली?" पाटलांची सूनही त्यांत होती.

नाना व्यासपीठाजवळ उभे राहिले. पोथी उघडलीच नाही. मग म्हणाले, "पाटील, मला ठाऊक नाही." आणि ओवरीकडे जाऊन त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी त्यांना खांद्याला धरून उठवले आणि खांबाआड बोट दाखवले.

नाना तिकडे वळले. सगळ्या गावादेखत त्यांनी चिमाला वाकून नमस्कार केला. "बाई, तुझी रांगोळी मी पायाने पुसली," म्हणाले. चिमा घाबरून मागे सरली. "असं करू नका, नाना. वाका कशापाई? बसा, तुमच्या अंगात अजून बळ न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून देवळाच्या पायरीवर चिमाची रांगोळी पुन्हा दिसू लागली.

नाना पुढे नऊ वर्षे जगले. पुराण सांगत, पण कोणाच्या दुःखाचे कारण त्यांनी पुन्हा सांगितले नाही. कोणाकडे दुखणे असले, की जाऊन ओट्यावर बसत. महाराज पुढच्याच वर्षी एका सकाळी ओवरीत नव्हते. घोंगडे घडी करून ठेवलेले होते, आवार झाडलेले होते. ते कुठे गेले, कळले नाही. गोदाआत्या कऱ्हाडला सासरी गेल्या, नातवंडे-पतवंडे पाहून ब्याऐंशीव्या वर्षी वारल्या. त्यांच्या अंगणात रांगोळीवर कोणाचा पाय पडला, तर त्या अगदी लहान मुलासारख्या रडवेल्या होत. काखेतला व्रण त्यांनी मला दाखवला होता.

चिमा तशीच एकटी राहिली. देवळाची सेवा केली, घरात दुसरे माणूस आले नाही. पण दाराला तिने पुन्हा कधी कडी लावली नाही. ती गेली, त्या सकाळी बायका आल्या तेव्हा दार उघडे होते आणि उंबऱ्यावर त्याच पहाटे काढलेली पावले होती. दोन जोड्या घरात जाणाऱ्या. आणि तिच्या हातची नेहमीची रांगोळी ज्यांनी जन्मभर पाहिली होती, त्या बायका सांगत, की त्या दिवशी प्रथमच बाहेर जाणारीही होती, तीन जोड्या.