ठमाईची जाळी

फार वर्षं झाली त्याला. आज सुळ्याच्या डोंगरावर जी गर्द राई दिसते ना, तिथं तेव्हा खडक होता आणि वारा होता. वारा असा, की उभा माणूस ओणवा व्हावा. जुनी झाडं कोळशासाठी कधीच तुटून गेली होती. अधूनमधून करवंदाच्या जाळ्या, बाकी सगळं बोडकं. आणि डोंगराच्या पायथ्याशी होती दरेवाडी.

त्या वाडीत ठमाबाई राहायची. एका आषाढात भरदुपारी माथ्याखालची माती सुटली आणि वाडीच्या वरच्या अंगाची घरं घेऊन गेली. ठमा तेव्हा खाचरात भात लावत होती. धावत आली तेव्हा घर नव्हतं, नवरा नव्हता, पाळण्यातली राधी नव्हती. असं म्हणतात, ती रडली नाही. डोंगराकडं तोंड करून बसली आणि पाऊस उघडेपर्यंत तिथून हलली नाही.

वाडीनं गाव सोडायचं ठरवलं. पण खालच्या खोऱ्यात कुणी जमीन देईना, म्हणून जाणं लांबत गेलं. ठमानं मात्र सांगून टाकलं, की मी जायची नाही, माझी माणसं या मातीत आहेत. ही माती धरून ठेवायला झाडंच हवीत, एवढं तिला कळत होतं. तिनं जांभळाच्या नि हिरड्याच्या बिया आणल्या आणि माथ्यावर मोकळ्या जागी लावल्या. जाळ्यांपासून मुद्दाम लांब, म्हणजे काट्यांत रोपं गुदमरणार नाहीत. रोपं उगवली. पावसाळा सरला तशी वाऱ्यानं वाळवली, उरली ती गुरांनी खाल्ली. दुसऱ्या वर्षी तेच.

पुढच्या उन्हाळ्यात करवंदं काढताना तिचा हात जाळीत खोल गेला आणि बोटांना कोवळं पान लागलं. आत जांभळाचं रोप होतं, कुण्या पाखरानं टाकलेल्या बीचं. बाहेर जमीन भाजत होती आणि जाळीच्या बुडाशी ओल होती. पहाटेचं धुकं पानांवरून ठिबकून तिथं जिरत होतं. ठमा तिथंच बसली आणि राधी गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर रडली.

मग ती एकेका जाळीच्या पोटात बी घालू लागली. दंड ओरबाडून निघत. पण असं म्हणतात, पुढं पुढं तिचा हात दिसला की काटे आपणहून बाजूला होत.

तिचा दीर कोंडाजी. त्यालाही भाऊ गेल्याचं दुःख होतं, पण रानडुकरं त्याची नाचणी लोळवत होती आणि कुंपणाला काटी हवी होती. तो कोयता घेऊन माथ्यावर चढला. ठमा जाळीपुढं उभी राहिली. काटी मी देते, पण इथली नाही, असं तिनं सांगितलं आणि त्याला खाली ओढ्याकाठी नेलं. तिथंही तिनं जाळ्यांत बिया लावल्या होत्या. पण तिथली रोपं पिवळी, किडकिडीत झाली होती. ठमानं कोयता घेतला आणि त्या जाळ्या ती स्वतः सपासप तोडू लागली.

कोंडाजी चक्रावला. "वहिनी, वर हात लावू देत नाहीस नि इथं बुडापासून तोडतेस. काटा तर तोच आहे."

ठमा म्हणाली, "भावजी, वर वारा सगळ्यांच्याच जिवावर उठलाय. तिथं जाळी नि रोप एकमेकांच्या आधारानं जगतात. इथं ओल आहे, माती आहे, वैरी कुणी नाही. म्हणून एकमेकांच्या तोंडचा घास ओढतात."

कोंडाजी काटीचा भारा उचलून गेला. पण त्यानंतर गुरं माथ्यावर चढू नयेत म्हणून तो स्वतः राखण करू लागला.

वर्षं गेली. जाळ्यांतून झाडं डोकं काढून वर आली. त्यांच्या दाट सावलीत काही जाळ्या सुकल्या. ठमाला त्याचं फार लागलं. ती त्या वाळक्या फांद्यांवरून हात फिरवी आणि राईच्या कडेला, जिथं वारा लागे, तिथं करवंदाचं बी टाकी. तिचे केस पांढरे झाले, वाडी तिला ठमाई म्हणू लागली.

मग एक श्रावण असा आला, की पाऊस खंडेना. एका सकाळी डोंगर घुमला. सगळी वाडी भैरोबाच्या देवळात गोळा झाली, ठमाई तेवढी नव्हती. ती पहाटेच वर गेली होती. वरून धोंडे सुटल्याचा आवाज आला. मग एकदम सगळं शांत झालं.

कोंडाजी माणसं घेऊन वर गेला. सुळक्याखालची माती राईच्या वरच्या काठापर्यंत आली होती आणि तिथंच थांबली होती. धोंडे बुंध्यांना टेकून अडले होते. आणि एका मोठ्या जाळीत ठमाई डोळे मिटून बसलेली, दोन्ही हातांनी दोन जांभळांची खोडं धरलेली. श्वास नव्हता. अंगावर एक ओरखडा नव्हता. असं म्हणतात, जाळी तिच्याभोवती अशी मिटली होती, की तिला बाहेर काढायला वाटच नव्हती.

कोंडाजीनं कोयता उचलला. खोडं धरलेल्या तिच्या हातांकडं पाहिलं. मग खाली ठेवला.

"राहू द्या तिला," तो म्हणाला. "घरीच आहे ती."

वाडी आजही तिथंच आहे. दर वर्षी पावसाच्या तोंडावर, ज्या घरात मूल जन्मलं असेल त्या घरची आई सगळ्या वाडीसोबत माथ्यावर जाते आणि बाळाच्या नावानं करवंदाच्या जाळीत एक बी घालते. वर जाताना कोयता पायथ्याशी ठेवायचा असतो. उतरताना तोच उचलून सगळी वाडी ओढ्याकाठच्या रोपांभोवतीची जाळी साफ करते. वर काही बोलत नाहीत. फक्त बाळाचं नाव सांगतात, ठमाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.