गुन्हेगाराचं नाव

तांबडगडची प्रजा उठली आणि एका दुपारीत उदाजीराजांचं राज्य गेलं. दुसऱ्याच दिवशी दरबारात राजावर खटला उभा राहिला. बंडाचा पुढारी दौलतराव न्याय करायला आला आणि बसायला दुसरी शोभेशी जागा नाही म्हणून सिंहासनावरच बसला. समोर राजा बेड्यांत उभा होता. दरबारी कारकून पळून गेले होते, म्हणून निवाडा लिहायला म्हाताऱ्या विसाजीपंतांना आणलं होतं.

दौलतरावाने एकही साक्ष घेतली नाही. जमलेल्यांपैकी कोणी बोलू लागलं की तो हातानेच गप्प करी. शेवटी म्हणाला, "पंत, लिहा. प्रजेला न विचारता सिंहासनावर बसला, हा गुन्हा. शिक्षा फाशी."

विसाजीपंतांनी सगळं लिहिलं आणि नम्रपणे विचारलं, "गुन्हेगार म्हणून नाव कोणाचं घालू? उभे आहेत त्यांचं, की बसले आहेत त्यांचं?"

मागे एक जण हसला आणि बघता बघता सगळा दरबार हसू लागला. दौलतराव मुकाट्याने खाली उतरला. सतरंजी अंथरली गेली, चार दिवस लोकांच्या साक्षी झाल्या आणि राजाची फाशी टळून हद्दपारीवर निभावलं.

निघताना राजाने पंतांचे हात धरले. "इतकं खरं बोलणारा एकही माणूस माझ्या दरबारात कसा नव्हता?"

"होता, महाराज," पंत म्हणाले. "एकदा बोलला, म्हणून सात वर्षं तुमच्या तुरुंगात होता. गेल्या आठवड्यात दौलतरावांनी तुरुंग फोडला, तेव्हा सुटला."