वळणावरचं खाकरणं

"मग बायका येत का नाहीत?"

केशवराव उंबरकरांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा जमालशा फकीर घाटाच्या माथ्यावर, लिंबाखाली बसून सुईत दोरा ओवत होता. दोरा काही ओवला जात नव्हता.

"दिवे लागले," केशवराव म्हणाले. "लोखंडी फाटक बसलं. कॅमेरा आला. नगरपालिकेकडे मी सात अर्ज केले, बाबा. आता या घाटाइतकी सुरक्षित जागा गावात दुसरी नाही."

"खरं आहे, मास्तर. चिटपाखरूसुद्धा फिरकत नाही."

मास्तर म्हटलेलं केशवरावांना आवडत नसे. कॉलेजात त्यांनी छत्तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं होतं, त्यातली शेवटची नऊ प्राचार्य म्हणून. सार्वजनिक ठिकाणच्या सभ्यतेवर त्यांचं पुस्तकही होतं. 'सर म्हणत जा' असं त्यांनी फकिराला एकदा सुचवलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, "बरं, मास्तर."

"तुमच्या बाई तरी येतात का?" फकिराने विचारलं.

खरा प्रश्न तोच होता. तो विचारायचा धीर केशवरावांना होत नव्हता, म्हणून ते गावभरच्या बायकांबद्दल विचारत होते.

वत्सलाबाई चाळीस वर्षं संध्याकाळी या घाटावर येत. कधी गोधडी धुवायला, कधी नुसत्याच, पायरीवर बसून चारजणींशी बोलायला. आता आठ महिने झाले, त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. विचारलं तर म्हणत, 'घरीच बरं वाटतं.' पण घरातही त्यांचं बोलणं आटत चाललं होतं. परवा दिवसभरात चार वाक्यं. केशवरावांनी ती मोजली होती.

"त्या पोरांमुळे," ते म्हणाले. "तिघं होती. ही खाली एकटी गोधडी पिळत होती. 'आजी, पाय घसरेल, उचलून नेऊ का?' म्हणाली पोरं... हसली. एकाने तिच्यावर मोबाईल धरला. नातवाच्या वयाची पोरं. मी पोचलो तोवर निघून गेली होती."

"निघून गेली होती," फकीर म्हणाला.

त्याने सुई सदऱ्याला टोचून ठेवली. जवळचा तांब्या पुढे सरकवला.

"तांब्याभर पाणी आणता का नदीचं? गुडघे धरलेत आज."

प्राचार्याला पाणी भरायला धाडणारा हा कोण, असं केशवरावांच्या मनात आलं. तरी ते उठले. फाटक ढकललं, ते आवाज न करता उघडलं. महिन्यापूर्वीच त्यांनी त्याला तेल घालून घेतलं होतं.

निम्म्या पायऱ्या उतरल्यावर घाट वळतो. वळणापर्यंत खालचं काही दिसत नाही. केशवराव वळण ओलांडून भराभर खाली आले, आणि पाण्याकाठी त्यांना एक बाई दिसली. गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून ती गोधडी धोपटत होती.

त्यांना आनंद झाला. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी आलं होतं.

बाईने मान वर केली आणि ती दचकली. धोपटणं हातातून सुटून पाण्यात पडलं. तिने खोचा सोडला, ओली गोधडी तशीच छातीशी धरली, आणि पायऱ्या सोडून काठाच्या चिखलातून निघून गेली. पायऱ्यांवर केशवराव उभे होते.

भरलेला तांब्या घेऊन ते वर आले.

"मी तिला काही केलं नाही, बाबा. एक शब्द बोललो नाही."

"वळणावर खाकरलात?"



त्या घाटाची ती रीतच होती. पुरुषाने वळणावर थांबायचं, खाकरायचं. खाली बायका पदर सावरत, पाय झाकून घेत. मग खालून कोणीतरी 'या' म्हणे, आणि तो उतरे. केशवरावांना हे वडिलांनी शिकवलं होतं, बोलून नव्हे, नुसतं बोट धरून थांबून. त्यांच्या पुस्तकात ते कुठेच नव्हतं.

"राहिलं," ते म्हणाले. "दिवे आहेत, फाटक आहे... लक्षातच आलं नाही."

"राहिलं," फकीर म्हणाला. "त्या दिवशीही राहिलंच, मास्तर."

केशवरावांनी तांब्या खाली ठेवला.

"इथून वळण दिसतं," फकीर म्हणाला. "मला तुमची पाठ दिसत होती. काखेत छत्री होती. पोरांचं हसणं वरपर्यंत येत होतं."

लिंबाचं पान तांब्यात पडलं. ते कोणी काढलं नाही.

"तीन तरणी पोरं होती," केशवराव म्हणाले. "मी सत्तरीचा माणूस. मला मारलं असतं."

"नसतं मारलं." फकीर म्हणाला. "मारलंही असतं. मला काय ठाऊक."

"तिने वर पाहिलं..." हे केशवरावांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. "मी दिसलो तिला. मग तिने मान खाली घातली आणि गोधडी पिळत राहिली. पिळून झालेलीच गोधडी. घरी येताना मला म्हणाली, 'तुम्हाला उशीर झाला आज.' मीही हो म्हणालो."

फकिराने गुडघा चोळला.

"आणि तुम्ही, बाबा? तुम्ही इथेच होतात."

"मी माळ ओढत होतो. म्हटलं, ही फेरी पुरी होऊ दे. पुरी झाली, तोवर पोरं गेली."

फकिराने सदऱ्याची सुई काढली, डोळ्यांजवळ धरली, पुन्हा टोचून ठेवली.

"दर गुरुवारी तुमच्या बाई मला भाकरी आणायच्या. भाकरीवर मिरचीचा ठेचा. आठ महिने झाले. का येत नाही, असा निरोप मी एकदाही धाडला नाही."

"का?"

"माहीत होतं."

खाली दिवे लागले. वळणापर्यंतची एकूण एक पायरी लख्ख दिसू लागली, आणि एकीवरही कोणी नव्हतं. खांबावर कॅमेऱ्याचा तांबडा ठिपका तेवढा जागा होता.

"मी आता काय करू?" केशवरावांनी विचारलं. अर्जांबद्दल बोलताना त्यांचा जो आवाज होता, तो हा नव्हता.

"तुमच्या घराचं दार कसं उघडता?"

"ढकलतो. माझंच घर आहे."

"आज ढकलू नका. दाराबाहेर उभं राहून खाकरा."

केशवरावांनी काखेत छत्री घेतली. आठ-दहा पावलं गेले, थांबले, वळून पाहिलं.

"तिने 'या' म्हटलं नाही तर?"

फकिराने तांब्यातलं पान बोटाने काढलं, लिंबाच्या बुंध्याशी ठेवलं.

"तर बाहेरच थांबा, मास्तर... त्या दिवशी त्याही थांबल्या होत्या."