न आलेल्या पाखराची मूठ

ऐका पाणथळदेवी, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, नगराच्या उगवतीला दलदल होती. दलदलीच्या काठी बयना राही, लव्हाळ्याच्या चटया विणी. श्रावण लागला की ती वसा घेई. सकाळी दलदलीत उतरावं, पाखरांना मूठभर साळी ठेवाव्या, सारसाची जोडी पाहावी, मग घास घ्यावा. ज्या लव्हाळ्यात घरटं असेल, तो कापू नये.

एके दिवशी तिथं राणी आली. "बाई बाई, काय वसा वसतेस, तो मला सांग."

"तुम्हाला कशाला, राणीबाई? उताल, माताल, घेतला वसा टाकाल."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

राणीनं वसा घेतला. पण पाय चिखलात रुतला, लुगड्याचा काठ भिजला. राजा म्हणाला, "देवाला जायची वाट कोरडी हवी." मग त्यानं चर खणवला, दलदलीचं पाणी नदीला सोडलं. पहिल्या दिवशी बदकं गेली. दुसऱ्या दिवशी पाणकोंबड्या गेल्या, काळ्या चोचीचा करकोचा गेला. तिसऱ्या दिवशी सारसाचं घरटं उघडं पडलं. कोरड्या तळातून कुत्री आली, अंडी खाऊन गेली. जोडीनं तीन घिरट्या घातल्या, मग तीही गेली.

चौथ्या दिवशी राणी कोरड्या पायांनी आली. पाखरू दिसेना. बयना काठावर बसलेली, तोंड सुकलेलं. मग राणीनं चांदीची जोडी घडवून आणली. "हिला पाहू गं, चार घास खाऊ. उपाशी मरशील."

बयना म्हणाली, "राणीबाई, ही जोडी अंडी कधी घालायची?"

राणी म्हणाली, "मी देव पाहायला निघाले, देवाचंच घर मोडलं." मग तिनं पदर खोचला, पाटी उचलली, चरात माती टाकू लागली. दासी म्हणाल्या, "राणीसरकार, हात मळले."

"मळू देत. आधीच मळायला हवे होते."

राजा लाजला, तोही उतरला. चर बुजला. सरींवर सरी आल्या. पहिल्या दिवशी पाणी घोट्याला लागलं, दुसऱ्या दिवशी गुडघ्याला. तिसऱ्या दिवशी बदकं आली, पाणकोंबड्या आल्या, मग सारसाची जोडी उतरली. दोघींनी एका ताटात दहीभात खाल्ला.

करकोचा तेवढा आला नाही. राणीनं दाही दिशांना माणसं धाडली. माणसं परत आली, म्हणाली, "बाईसाहेब, त्याची तेवढी एकच दलदल होती. तो आता कुठंच नाही."

तेव्हापासून या वशाला दोन मुठी ठेवतात. एक आलेल्यांची, एक न आलेल्याची. दुसरी कोणी टिपत नाही, पण ती ठेवल्यावाचून घास घेऊ नये.

जशी सारसाची जोडी बयनेला दिसली, राणीला दिसली, तशी तुम्हां आम्हां दिसो, आपल्या लेकीसुनांना दिसो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरी सांगितली, भरल्या पाण्याकाठी सुफळ संपूर्ण झाली.