पुन्हा अर्पण

“आन् ही गोधडी?” हनोखबाबांनी विचारलं.

रूबेन पाटोळे मास्तर नुकतेच बोलायचे थांबले होते. आपण काय काय सोडलं ते त्यांनी उभ्यानेच सांगितलं होतं, वर्गात कविता म्हणावी तसं. घर मुलाच्या नावावर केलं. शाळेच्या मंडळातलं पद सोडलं. पुस्तकं वाचनालयाला दिली. चहासुद्धा सोडला.

खांद्यावरच्या गोधडीचं नाव त्यात आलं नव्हतं.

“ती आईची आहे,” मास्तर म्हणाले.

“बरं.”

“थंडीचे दिवस आहेत, बाबा.”

“हायेत.”

हनोखबाबा म्हणजे प्रवरेकाठचे जुने उपदेशक. बाजरी घरात आली की ते पायी निघायचे आणि गावोगावच्या ख्रिस्ती घरांतून फिरत नाताळाच्या आदल्या दिवशी परतायचे. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायचे, भजनं म्हणायचे, सासू-सुनांची भांडणं ऐकून घ्यायचे. वय ऐंशीच्या घरात, पण चालायला लागले की तरणीताठी पोरं मागे पडत. मास्तरांना यंदा शिष्य म्हणून त्यांच्याबरोबर जायचं होतं. चर्चच्या पाळकांनी सांगून पाहिलं, मुलाने हातापाया पडून पाहिलं. मास्तर बधले नाहीत.

“तू मघापासून बोलतोयस,” बाबा म्हणाले, “आन् हात तिच्यावरच हाय.”

मास्तरांनी हात काढला. थोड्या वेळाने तो आपसूक पुन्हा तिथेच गेला. ते त्यांच्याही लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

“रविवारी हंगामाचं अर्पण आहे,” ते म्हणाले. “ही मी वेदीपुढे ठेवतो. उपासना झाली की निघायचं. ठरलं.”

“ठेव,” बाबा म्हणाले.

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वेदीपुढे भोपळे, बाजरीची कणसं, उसाच्या मोळ्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. त्यात मास्तरांनी गोधडी ठेवली, चार घड्या करून, काठाला काठ जुळवून. मागे वळताना त्यांची मान ताठ होती. लोकांनी हे अर्पण पाहावं असंही त्यांना वाटत होतं. खोटं कशाला बोला?

उपासनेनंतर लिलाव. हा आमच्याकडचा रिवाज. देवाला दिलेली वस्तू लोकांनी बोली लावून घ्यायची आणि पैसे चर्चला द्यायचे. घेणाऱ्याला मग विचारतात, “घरी, की पुन्हा अर्पण?” पुन्हा अर्पण म्हटलं की तीच वस्तू परत लिलावात येते. एकेक नारळ असा चार-चारदा फिरतो. लिलाव पुकारायचं काम हनोखबाबांचं, कारण त्यांचा आवाज पार ओढ्यापलीकडे जातो.

गोधडीची पाळी आली.

“दहा रुपये,” कोणीतरी म्हणालं. “शेळीच्या करडाला होईल.”

लोक हसले. मास्तरही हसले. बळेच.

“पन्नास.”

आवाज दाराकडून आला. सगळ्यांनी मागे पाहिलं. चपला काढायच्या जागेजवळ आशेर उभा होता, मास्तरांचा धाकटा सख्खा भाऊ. तीन मैलांवरच्या वाडीत राहायचा. आई गेल्यापासून, म्हणजे सात वर्षं, दोघांत बोलणं नव्हतं.

“शंभर,” मास्तर म्हणाले.

लिलाव पुकारणारे बाबा थांबले. दिलेल्या वस्तूवर देणाऱ्यानेच बोली लावू नये, असं कुठे लिहिलेलं नाही. पण आजवर कोणी लावली नव्हती.

“दीडशे,” आशेर म्हणाला.

“पाचशे.”

आशेरने मान खाली घातली. तो दुसऱ्याच्या वीटभट्टीवर कामाला होता. पाचशेच्या पुढे त्याची मजल जाणार नाही, हे मास्तरांना ठाऊक होतं.

“एक वार… दोन वार… तीन वार.”

सगळं सोडलेल्या माणसाच्या बंडीला आतून एक खिसा होता. मास्तरांनी तिथून नोट काढली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

बाबांनी गोधडी उचलली, पण दिली नाही.

“घरी, की पुन्हा अर्पण?”

मास्तर गोधडीकडे बघत राहिले.

बाबा वेदीच्या पायरीवरून उतरले आणि मास्तरांशेजारी सतरंजीवर बसले. गोधडी दोघांच्या मध्ये ठेवली. लिलाव थांबला. लहान मुलांना बाहेर काढलं गेलं.

“देवाला दिली व्हतीस ना?” बाबांनी हळू विचारलं.

“देवाला दिली होती. त्याला नाही.”

“कामून?”

“आई अकरा महिने अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं मी केलं. हिच्याखाली तिने जीव सोडला. आणि हा… मातीलासुद्धा आला नाही.”

“आलाच न्हाई?”

मास्तरांनी गोधडीचा एक टाका नखाने खरवडला.

“आला होता.”

“मातीला?”

“आदल्या दिवशी.”

“तवा ती व्हती?”

“…होती.”

“बोलत व्हती?”

“त्याचंच नाव घेत होती.”

“मंग?”

कोंबडीने पंख फडफडवले आणि पुन्हा गप्प झाली.

“मी दार उघडलं नाही,” मास्तर म्हणाले. “म्हटलं, अकरा महिने कुठे होतास? तासभर उभा राहिला. मग गेला.”

हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही, पाळकांनाही नाही. प्रार्थनेत गुडघे टेकायचे, तेव्हाही हे सोडून बाकीचं बोलायचे.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, की पाठीवर हात ठेवला नाही. ते उठले, गोधडी घेऊन पायरीवर चढले आणि मघाच्याच चढ्या आवाजात त्यांनी विचारलं,

“घरी, की पुन्हा अर्पण?”

मास्तर उभे राहिले. उठताना जमिनीला हात टेकावा लागला. घर लिहून देताना, पद सोडताना असं झालं नव्हतं. तेव्हा लोकांनी हार घातले होते.

“पुन्हा अर्पण,” ते म्हणाले.

“दहा रुपये,” आशेर म्हणाला.

“एक वार.”

बाबा थांबले. सबंध चर्च मास्तरांच्या तोंडाकडे बघत होतं. मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

“दोन वार.”

बाबा पुन्हा थांबले. मुद्दाम थांबले, असं माझं मत आहे. मास्तरांचे डोळे भरून आले, तोंड मात्र मिटलेलंच राहिलं. एवढा निर्धार मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. आम्हाला शाळेत ते निर्धारावर निबंध लिहायला सांगायचे.

“तीन वार.”

आशेर पुढे आला. दहाची नोट अर्पणाच्या ताटात ठेवली.

“घरी, की पुन्हा अर्पण?”

“घरी.”

त्याने गोधडी छातीशी धरली आणि तो चालू लागला. भावाजवळून गेला, पण नजर वर केली नाही. मास्तरांना वाटलं होतं, निदान थांबेल.

जेवणं झाल्यावर बाबांनी काठी घेतली. मास्तर तयारच होते. बंडीचा आतला खिसा त्यांनी उलटा करून दाखवला.

“आता काही म्हणता काही उरलं नाही, बाबा. मोकळा झालो.”

“झालास?”

“झालो.”

दोघं निघाले. ओढा ओलांडला. फाट्यावर मोठा रस्ता सोडून बाबा डाव्या हाताच्या पायवाटेला लागले. मास्तर चार पावलं गेले आणि थबकले.

“बाबा, ही वाट आशेरच्या वाडीला जाते.”

“व्हय. पयला मुक्काम तिथंच.”

“तो दार उघडणार नाही.”

बाबा चालतच होते.

“कडी तू वाजवायची,” ते म्हणाले. “आन् उघडलंच, तर रातच्याला पांघरूणबी तूच मागायचं.”